प्रति: बूर्गिन्यों आणि रेंदांग घरी करताना

वर विचारलंय की बीफ मिळत नाही तर फ्रेंच बूर्गिन्यों (रेड वाइनमध्ये मंद शिजवलेलं बीफ) मटणात करावं का. माझ्या मते नको, म्हशीचं घ्या. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाचंही बंद आहे पण म्हशीचं चालतं, आणि अशा डिशेसना ते खरंच छान लागतं. फक्त दुकानात बोंग मागा, निहारीला वापरतात तो पायाचा भाग, कारण त्यात कोलाजेन भरपूर असतं आणि मंद आचेवर ते हळूहळू विरघळून रस्सा आपोआप दाट होतो. खळखळून उकळू देऊ नका. म्हशीच्या मांसात चरबी कमी, म्हणून तेल-बटरला हात आखडू नका.

वाइनसाठी तर आपण नाशिककर नशीबवान! ही डिश मूळची जिथली, त्या फ्रान्समधल्या बरगंडीत पिनो न्वार ही रेड वाइन घालतात, पण आपल्याकडची कोरडी शिराझ रेड वाइन मस्त चालते, गोड पोर्ट वाइन मात्र अजिबात नको.

रेंदांगबद्दल वर एका ताईंनी लिहिलंय की रस्सा पातळ राहिला. अहो, तो रस्सा ठेवायचाच नसतो! इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांची ही मांसाची डिश, त्यात नारळाचं दूध तासन् तास आटवतात, मग तेल सुटतं आणि त्याच तेलात मांस परतलं जातं, काही जण वर भाजून वाटलेलं खोबरंही घालतात, अगदी आपल्या वाटणासारखं. त्यात लागणारं लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहाच, पण नुसती पाती नकोत, भाजीवाल्या मावशींना मुळाकडचा पांढरा दांडा ठेवायला सांगा, देतात त्या.