मदैराच्या लेवाडांवर आईला नेता येईल का?

प्रश्न: एप्रिलमध्ये पोर्तुगालच्या मदैरा बेटावर जातोय. आई ६४ वर्षांची. रोज पर्वती चढते, पण दरी दिसली की घाबरते. लेवाडा, म्हणजे तिथल्या डोंगरांतल्या पाण्याच्या पाटांकाठच्या वाटा, तिला झेपतील?

उत्तर: चढाची चिंता नको. पाणी वाहण्यापुरताच उतार, त्यामुळे वाट जवळजवळ सपाट. अडचण दरीचीच. मी कैमादासहून काल्देइरांव व्हेर्दच्या धबधब्याला गेले, जाऊन-येऊन सुमारे १३ किलोमीटर. एकीकडे कातळ आणि पाट, दुसरीकडे खोल दरी. तारेचा कठडा बऱ्याच ठिकाणी आहे, तरी समोरून माणूस आला की अंग चोरावं लागतं. बोगद्यांत मिट्ट काळोख, विजेरी हवीच. आईंना इथे नेऊ नका. रिबेइरो फ्रियो गावाहून बाल्कोंइशला, डोंगर पाहायच्या जागी, न्या. एकेरी जेमतेम दीड किलोमीटर, रुंद वाट.

आमची कोकणात सुपारीची बाग आहे. पंधराव्या शतकापासून बेटाच्या उत्तरेचं पाणी असं कातळ फोडून दक्षिणेच्या उसाला नेलंय, हे पाहून मी पाटात हात बुडवून बसून राहिले.

दुसरं उत्तर: पावसानंतर दरडी येतात, वाटा बंद होतात. आदल्या दिवशी चौकशी करा.

प्रश्नकर्ता: बाल्कोंइश ठरलं. मनापासून आभार, ताई.