उत्तर: व्हिसा मिळाला म्हणजे झालं?

परदेशातल्या जोडीदाराला भेटायला जायचं तर व्हिसा हातात आला की निम्मी लढाई संपली, असं म्हटलं जातं. निम्मी म्हणाल तर ठीक, पण आत घ्यायचं की नाही हे शेवटी विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारीच ठरवतो. माणसं अडकतात ती उत्तरांच्या विसंगतीत. अर्जात 'जोडीदाराला भेटायला' लिहायचं आणि खिडकीवर लाजून 'फिरायला आलोय' म्हणायचं, इथेच संशय सुरू होतो. जे लिहिलंय तेच सांगा, तेही दोन वाक्यांत. जोडीदाराचा पूर्ण पत्ता (पिनकोडसकट), फोन नंबर, परतीचं तिकीट आणि नोकरीवरून मिळालेलं रजेचं पत्र कागदावर छापून हातातल्या बॅगेत ठेवा. फोनची बॅटरी नेमकी त्याच रांगेत मान टाकते, आणि तिथलं वायफाय बऱ्याचदा ओटीपी मागतं, जो रोमिंग बंद असलेल्या सिमवर येत नाही.

पासपोर्टच्या मुदतीचंही बघा. बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात. शेंगेन देशांचा (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा) नियम वेगळा: तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान 3 महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा. आणि हो, वाटेतला विमानबदल वेगवेगळ्या तिकिटांवर असेल तर सामान घ्यायला बाहेर पडावं लागू शकतं, म्हणजे त्या देशाचाही व्हिसा.