हाताला काम नसलं की माणूस बदलतो का? अनुभव सांगा

माजलगावकर: काल पेटी आवरताना 2013 च्या चारा छावणीचं कार्ड सापडलं, तेव्हापासून मन लागेना. बाबा चार महिने जनावरं घेऊन छावणीत होते. मोठ्या जनावराला दिवसाला 15 किलो चारा, पेंड, टाकीचं पाणी. एवढं झालं की दिवस सरता सरत नसे. आधी नुसते झोपायचे, मग पत्ते, मग भांडणं. आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस, अर्ध्या पेंडीवरून शेजारच्या काकांच्या अंगावर धावून गेला. मी डबा घेऊन गेलो तर अंगठ्यानं तळहात चोळत बसलेले. म्हणाले, "घट्टे गेले बघ." तो मऊ हात मला अजून आठवतो. दुष्काळानं पीक नेलंच, स्वभावही नेला होता. तुमच्याकडं कुणाचं असं झालंय का?

मोसंबीवाला_जालना: छावणी कुठली दादा, आष्टीकडची का? आमचे मामा पण होते तिकडं. आमची तर त्या साली बागच जळाली, 12 वर्षांची झाडं तोडून सरपणाला घातली.

बालाघाटची_लेक: आमच्याकडं ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतले की नवरा-बायकोची जोडी दिवाळीनंतर साखर कारखान्यावर. पहाटे चारला उठून कोयता. गावी परतल्यावर बाप्ये पारावर, तंबाखू आणि राजकारण. बायांचं पाणी, चूल, सरपण सुरूच. माझ्या आईला रिकामपण कसलं ते ठाऊकच नाही. दादा, राग मानू नका, पण यावरही बोललं पाहिजे. कुकर झाला, येते नंतर.

माजलगावकर: राग कसला ताई. आई तेव्हा घरी एकटी सगळं बघत होती, तिला कधी विचारलंच नाही मी.

उदगीरवाला: आजी 72 च्या दुष्काळाचं सांगायची. घरात दाणा नाही, पण खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीला सगळं गाव. तिथंच खायला सुकडी मिळायची. "हात चालत व्हते म्हणून डोकं ठिकाणावर ऱ्हायलं," म्हणायची. रोजगार हमीचा कायदा 1977 चा, पण आमच्या घरात ती योजना म्हणजे आजीची घमेली. उलट किल्लारीच्या भूकंपानंतर आमचे चुलते पत्र्याच्या शेडात नुसते बसून. घर गेलं, माणसं गेली, हाताला काही नाही. तिथंच दारू लागली ती सुटली नाही.

नांदेडचा_पोरगा: एमपीएससीची सहा वर्षं, पुण्यात. निकाल आणि पुढची परीक्षा यांच्यामधले महिने खातात माणसाला. पुस्तक उघडं, हातात मोबाईल. मित्राला नोकरी लागली की पोटात दुखायचं, मी असा नव्हतो. सणाला गावी जाणं टाळायला लागलो. शेवटी आलो. शेतीची लाईट रात्रीची असते, पिकाला पाणी द्यायला रात्रभर दारं धरतो, पाय चिखलात. बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागतेय.

मोसंबीवाला_जालना: भावा, रात्री बॅटरी आणि बूट घालूनच जा. इचूकाट्याचं भ्या असतं.

बालाघाटची_लेक: आले. ती सुकडी कशी लागायची, कुणी खाल्लीय का?

उदगीरवाला: आजी म्हणायची गोडसर. वडील मात्र अजून नाव काढू देत नाहीत.

परभणी_42: बाबा आता कसे आहेत?

माजलगावकर: बरे आहेत. पाऊस पडल्यावर त्या काकांच्या घरी स्वतः बियाणं घेऊन गेले होते. आता गुडघे चालत नाहीत. ओट्यावर अंबाडीचे दोर वळत बसतात. बैल विकून चार वर्षं झाली, दोर कुणाला लागत नाहीत. आई खुंटीला टांगून ठेवते.

परभणी_42: आमच्याकडं जोडी आहे अजून. दोन कासरे ठेवा बाजूला, पोळ्याआधी येऊन नेतो.