घरापासून सुटे छोटे गॅरेज-वर्कशॉप बांधावे का? कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

दादा: सर्वांना नमस्कार. घरामागच्या मोकळ्या जागेत, घराच्या भिंतीला न चिकटलेली अशी एक लहान खोली बांधावी, तिथे गाडी ठेवावी आणि माझे सुतारकामही तिथेच करावे, असा विचार गेले काही महिने मनात आहे. आकार साधारण ३ मीटर बाय ६ मीटर, म्हणजे एका गाडीच्या गॅरेजला लागतो तेवढा. सध्या मी गाडी बाहेर काढून पोर्चमध्ये काम मांडतो आणि अंधार पडायच्या आत सगळे आवरून गाडी पुन्हा आत घेतो. हा खर्च करण्यासारखा आहे का, याबद्दल प्रत्येकाचे स्पष्ट मत हवे आहे. मला बरे वाटावे म्हणून कोणी होकार देऊ नये.

नाना: बांधकामाचा माणूस म्हणून आधी मोजमापावर बोलतो. ३ बाय ६ म्हणजे १८ चौरस मीटर. मध्यम आकाराची गाडी साडेचार मीटर लांब आणि पावणेदोन-दोन मीटर रुंद असते. दार उघडून माणसाला बाहेर पडता यावे म्हणून निदान एका बाजूला पाऊण मीटर सोडावे लागते. म्हणजे गाडी आत असताना तुझ्या हाती राहणार ती मागच्या भिंतीलगतची दीड मीटरची पट्टी. तिथे टेबल ठेवता येईल आणि भिंतीवर हत्यारे लावता येतील, पण काम होणार नाही. प्लायवुडचा पूर्ण तक्ता २.४४ मीटर लांब असतो. तो टेबल सॉवर (टेबलात फिरते पाते बसवलेल्या करवत-मशीनवर) लांबीने चिरायचा तर पात्याच्या अलीकडे एक तक्ता मावेल एवढी आणि पलीकडेही तेवढीच जागा लागते, म्हणजे मशीन धरून पाच मीटरच्या वर. खोलीची सगळी लांबी त्यातच संपली. त्यामुळे गाडी बाहेर काढल्याशिवाय तिथे काम सुरू होणार नाही, आणि तू आज पोर्चमध्ये तेच करतो आहेस.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गॅरेजची जमीन दाराकडे उतरती ठेवतात, गाडीवरचे पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून. मीटरला दीड सेंटिमीटर उतार धरला तरी सहा मीटरमध्ये नऊ सेंटिमीटरचा फरक पडतो. वर्कशॉपची जमीन मात्र सपाट हवी, नाहीतर प्रत्येक मशीनच्या पायाखाली पाचर मारत बसावे लागते आणि मशीन हलवले की तोच खेळ पुन्हा. गाडी आणि सुतारकाम यांच्या गरजा जमिनीपासूनच वेगळ्या आहेत.

वहिनी: गाडी उघड्यावर राहिली तरी माझी हरकत नाही. पॉलिशचा वास आणि भुसा घरात येणे थांबले तर या खर्चाला माझा पाठिंबा आहे. खिडक्या बंद ठेवूनही स्वयंपाकघरातल्या डब्यांवर पिवळसर थर बसतो.

ताई: वहिनीची तक्रार केवळ स्वच्छतेची समजू नये. डोळ्यांना दिसणारा भुसा जड असतो आणि लगेच खाली बसतो. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ मात्र मशीन बंद झाल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहते, आणि फुफ्फुसापर्यंत पोहोचते ती हीच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या गटात घातले आहे. त्यातला मुख्य धोका नाकाच्या आणि नाकालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा आहे. वर्षानुवर्षे कारखान्यात काम करणाऱ्यांचा आणि सुट्टीत छंद म्हणून काम करणाऱ्याचा धोका सारखा नसतो, हे खरे. पण काळजी दोघांनीही घ्यायला हवी.

सुट्या खोलीमुळे घरातल्या माणसांचा त्रास संपेल, हे मान्य. परंतु दादा, तुझा त्रास वाढेल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. पोर्चला एकच भिंत आहे आणि वारा धूळ घेऊन जातो. चार भिंतींच्या लहान खोलीत तीच धूळ तुझ्याभोवती फिरत राहील. म्हणून खोली बांधायची असेल तर मशीनच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारे यंत्र आणि समोरासमोर खिडक्या हे तिच्या खर्चातच धरावे, ‘नंतर बघू’च्या यादीत टाकू नये. धूळ ओढणारे यंत्र भिंतीबाहेर, छपराखाली ठेवता आले तर उत्तम, कारण त्याच्या पिशवीतून निसटणारी बारीक धूळ खोलीत परतत नाही आणि त्याचा आवाजही बाहेर राहतो. झाडूने झाडणे बंद करावे. झाडूने खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत चढते. आणि गाडी तिथे ठेवणारच असलास तर दार बंद करून इंजिन कधीही चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अप्पा: सर्वांचे वाचले. मला अधिक मुळातला प्रश्न विचारायचा आहे. अशा खोल्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत दोन-तीन वर्षांनी जुने पंखे, रंगाचे डबे आणि लहान झालेल्या सायकली असतात. तेव्हा, दादा, तू एवढेच सांग की पोर्चमध्ये नेमके अडते कुठे? जागा कमी पडते, की वेळ?

दादा: अप्पा, प्रामाणिकपणे सांगायचे तर जागा पुरते. अडते ते आवरण्यापाशी. सांधा डिंकाने जोडला की क्लॅम्प (दाबून धरणारी पकड) निदान अर्धा-एक तास तसेच ठेवावे लागतात आणि सांध्याला पूर्ण बळ यायला साधारण एक दिवस जातो. पॉलिशचा हात दिला की तो सुकेपर्यंत त्यावर धूळ बसता कामा नये. अर्धे जोडलेले कपाट उचलून आत नेले की त्याचा काटकोन बिघडतो. मांडायला आणि आवरायला मिळून प्रत्येक वेळी दीडेक तास जातो, त्यामुळे मधल्या वारी मोकळे दोन तास मिळाले तरी मी हत्याराला हात लावत नाही. सुट्टीच्या दिवशी सलग वेळ मिळाला तरच काम होते.

अप्पा: मग तुला हवी आहे ती काम अर्धवट सोडून, दिवा मालवून, कडी लावून निघून येता येईल अशी जागा. मोठ्या मशीनसाठीची जागा ही वेगळी मागणी आहे, आणि या दोन्ही एकत्र केल्यामुळे आकार फुगला आहे. उत्तर आता पुष्कळ सोपे होते. गाडी त्या खोलीत राहणार असेल तर बांधू नकोस, कारण रोज संध्याकाळी गाडी आत घ्यायची म्हटले की अर्धवट काम पुन्हा आवरावेच लागेल आणि तू भिंती बांधून पोर्चच विकत घेतलेला असशील. गाडी पोर्चमध्येच राहणार असेल, आणि खोलीत फक्त तुझे काम, तर लहान खोलीही पुरेल आणि खर्चाचे चीज होईल. पूर्ण तक्ते दुकानातूनच ढोबळ मापाला कापून आणता येतात किंवा अंगणात दोन लाकडी घोड्यांवर (टेकू देणाऱ्या स्टँडवर) टाकून हातातल्या करवत-मशीनने चिरता येतात. त्या एका कामासाठी सहा मीटर लांबी बांधण्याची गरज नाही.

वर्कशॉपची किंमत वसूल होते का, याचा हिशेब मी फर्निचरवर मांडणार नाही. घरी केलेले टेबल विकतच्या टेबलापेक्षा स्वस्त पडते, असे म्हणणाऱ्यांनी हत्यारांचा खर्च धरलेला नसतो. हिशेब वापराच्या तासांचा करावा. आवरण्यात जाणारा वेळ वाचल्यामुळे तू आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तिथे जाणार असशील, तर माझा होकार आहे.

भाऊ: अप्पांशी सहमत आहे, पण विजेचा विषय अजून निघाला नाही आणि सुट्या खोलीत खर्च वाढतो तो इथेच. जोडून असलेल्या खोलीत घरातूनच तार ओढता येते. सुट्या खोलीला जमिनीखालून केबल न्यावी लागते. समजा घरातल्या मुख्य बोर्डापासून खोली ३० मीटरवर आहे आणि टेबल सॉची मोटर चालताना ९ अँपिअर घेते. मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सातपट प्रवाह ओढते. आपण ५४ धरू. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली तर जाण्या-येण्याच्या ६० मीटरचा रोध ०.७ ओहम होतो आणि सुरू होताना ३८ व्होल्ट वाटेतच जातात. २३० व्होल्टांपैकी १६ टक्के गेल्यावर मोटर कण्हत सुरू होते, दिवे मंद होतात आणि मोटर गरम होत राहते. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट १४ व्होल्टांवर येते. तारेतली बचत पुढे मोटर रीवाइंड करून फेडावी लागते.

खोलीत स्वतंत्र लहान बोर्ड, प्रत्येक मशीनला योग्य एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच), गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअर झाला की पुरवठा तोडणारे उपकरण आणि नीट अर्थिंग हे सगळे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. चर खणलाच आहे तर केबलच्या पाइपाशेजारी एक रिकामा पाइप दोरी ओवून टाकून ठेवावा. पुढे काही न्यायचे झाले तर अंगण पुन्हा उकरावे लागणार नाही. दिव्यांबाबतही लक्ष ठेवावे. जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि अशा प्रकाशात फिरणारे पाते काही वेगांना थांबल्यासारखे दिसते. स्वस्त एलईडीतही हा दोष असू शकतो.

माई: मला त्यातले तांत्रिक कळत नाही, पण शेजारच्यांच्या झोपेचा विचार व्हावा. संध्याकाळी दोन तास जाणार म्हणता, तर तीच त्यांच्या बाळाची निजायची वेळ असते.

भाऊ: माई, प्रश्न रास्त आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मशीनपासून १ मीटरवर १०० डेसिबल असेल तर १६ मीटरवर ७६ उरतो, आणि मधे विटांची भिंत असेल तर तो आणखी बराच खाली येतो. मात्र दार उघडे राहिले की भिंतीचा उपयोग संपतो. दार आपल्या घराच्या बाजूला ठेवावे, शेजाऱ्यांच्या नव्हे, आणि मशीनची कामे दिवसा उरकून संध्याकाळी रंधा, पटाशी, घासकाम, जोडणी एवढेच करावे. दादाच्या गरजेत हे बसतेही.

नाना: गाडीशिवायची खोली ठरत असेल तर ३ मीटर बाय ४.५ मीटर पुरेल. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान ३० सेंटिमीटर उचलू आणि काँक्रीटखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरू, म्हणजे जमिनीची ओल वर चढणार नाही. हा कागद अगदी किरकोळ खर्चाचा असतो आणि तरीही सगळ्यात आधी तोच गाळला जातो. ओलीचा परिणाम तुझ्या हत्यारांवर गंज म्हणून दिसेल आणि लाकडावर मापातल्या फरकाने. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत लाकडात सुमारे १२ टक्के ओलावा टिकतो. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तो १६ टक्क्यांच्या आसपास जातो. तेवढ्यानेच ३० सेंटिमीटर रुंद फळी दोन-तीन मिलिमीटर फुगते. दमट खोलीत नीट बसवलेला ड्रॉवर कोरड्या घरात सैल का होतो, याचे कारण हेच.

उंचीत कंजूषी नको. २.४४ बाय १.२२ मीटरच्या तक्त्याचा कर्ण २.७३ मीटर भरतो, म्हणजे खोलीत तक्ता उभा-आडवा फिरवायचा तर छत त्याहून उंच हवे. तीन मीटर ठेवू. नुसता पत्रा टाकू नये. उन्हात आत थांबवणार नाही आणि गार रात्री त्याच्या खालच्या बाजूला दव धरून हत्यारांवर ठिबकेल. पत्र्याखाली उष्णतारोधक थर हवाच.

एका बाबतीत अप्पांशी माझे जमत नाही. पुढे घर विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला वर्कशॉपचे कौतुक असेलच असे नाही, गॅरेजचे मात्र असते. म्हणून लांबी सहा मीटर, दार अडीच मीटर रुंद आणि जमीन गाडीचे वजन पेलणारी ठेवावी, असे माझे म्हणणे आहे.

अप्पा: नाना, अनोळखी खरेदीदारासाठी आज दीड मीटर जास्त बांधायची माझी तयारी नाही. शिवाय जागा शिल्लक दिसली की पहिल्याच पावसाळ्यात गाडी आत येईल, हे मला लिहून घ्यावे. दार रुंद ठेवायला हरकत नाही. कपाट बाहेर काढायला ते लागेलच.

वहिनी: एक सूचना आहे. जवसाच्या तेलाने पुसलेल्या चिंध्या हे कोपऱ्यात गोळा करून ठेवतात. त्या तेलाला हवा लागून सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा करून टाकलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. नव्या खोलीत पाणी भरलेला, झाकणाचा पत्र्याचा डबा असावा, किंवा चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात. खोली सुटी असण्याचा मला पटलेला सर्वांत मोठा फायदा आगीचा आहे.

ताई: माझा लहान खोलीला होकार आहे, धूळ ओढण्याचे यंत्र पहिल्या खर्चात असेल तर.

दादा: सर्वांचे आभार. गाडी पोर्चमध्येच राहील, हे मी आज मान्य करतो. लांबी साडेचार की सहा, हे कागदावर ठरवण्यापेक्षा येत्या सुट्टीत अंगणात दोन्ही मापे फक्कीने आखतो, आत टेबल आणि मशीनच्या जागी रिकामे खोके मांडतो आणि एक पूर्ण तक्ता हातात घेऊन फिरून पाहतो. त्यानंतर काही आठवडे गाडी बाहेरच ठेवून पोर्चमधले काम न आवरता तसेच सोडेन. मधल्या वारी मी खरोखर कामाला बसतो का, हे अप्पांना त्यावरून दिसेल. नाहीच बसलो तर विषय बंद करू.

नाना: आखताना हद्दीच्या भिंतीपासून खोलीच्या तिन्ही बाजूंचे अंतर मोजून इथे पाठव. सुट्या बांधकामालाही परवानगी लागू शकते आणि हद्दीपासून किती जागा सोडायची याचा नियम असतो; खोली किती लांब होऊ शकते ते कदाचित त्यावरच ठरेल. सांडपाण्याची जुनी लाइन त्याच बाजूने जाते, तिची झाकणेही नकाशात दाखव.