आई-वडिलांची ग्रीन कार्डची फाइल अडकली आहे की नुसती रांगेत आहे, हे कसं ओळखायचं?

अमळनेरचे_आप्पा
मुलगी अमेरिकेची नागरिक आहे. आमच्या दोघांसाठी तिने वेगवेगळे आय-१३० (नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज) भरले. माझा मंजूर होऊन एनव्हीसीकडे (व्हिसाची कागदपत्रं तपासणारं केंद्र) गेला, सौ.चा अजून यूएससीआयएसकडेच (अर्ज मंजूर करणारं इमिग्रेशन खातं) आहे. मुलासाठीही (म्हणजे तिच्या भावासाठी) तिने अर्ज टाकलाय, त्याचा मुलगा ३ वर्षांचा आहे. एक एजंट म्हणतो, पैसे भरा, तिन्ही फाइली पुढे सरकवतो. असं होतं का? साईटवरचा प्रोसेसिंग टाइम संपला की तक्रार करता येते का? आणि आमच्याकडे जन्मदाखले नाहीत, शाळेचे दाखले आहेत. दोघांचीही तारीख १ जून!

तापीकाठ
आप्पा, एजंटाला एवढंच विचारा की कुठल्या टप्प्यावरची फाइल सरकवणार. तिथेच त्याची बोबडी वळेल.

आई-वडिलांच्या गटाला वर्षाला किती व्हिसा द्यायचे याची मर्यादा नाही. तुमचा आणि काकूंचा उशीर म्हणजे निव्वळ टेबलावरची पेंडन्सी. भावंडांचं तसं नाही. त्या एफ-४ गटाला जगभरासाठी मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा, वर कुठल्याही एका देशाला कुटुंब आणि नोकरी या गटांच्या एकूण व्हिसांपैकी ७ टक्क्यांची मर्यादा. २०२५ संपताना भारताची तारीख २००६ मध्येच होती. म्हणजे २००६ मध्ये अर्ज टाकलेल्यांचा नंबर तेव्हा लागत होता. तिथे अधिकाऱ्याने रात्रंदिवस काम केलं तरी उपयोग नाही, व्हिसाच शिल्लक नसतो.

प्रोसेसिंग टाइमचा आकडा सरासरी नसतो. मागच्या सहा महिन्यांत निकाली निघालेल्या अर्जांपैकी ८० टक्के जेवढ्या काळात निघाले, तो काळ तिथे लिहितात. पाचातला एक त्याहून उशिराच निघतो, म्हणून आकडा ओलांडला की लगेच तक्रार घेत नाहीत. त्याच पानावर पावतीवरची तारीख टाकली की चौकशी कधीपासून करता येईल ते कळतं. ही चौकशी मुलीने किंवा तिच्या वकिलाने करायची, तुम्ही नाही.

आणखी एक खोच. पडून असलेले अर्ज या हिशेबात येतच नाहीत. तहसीलमध्ये मार्चअखेर सोप्या फाइली उरकून टक्केवारी वाढवतात ना, तसा हाही आकडा फुगू-आटू शकतो. त्यावर फार विसंबू नका.

केळीबाग_रावेर
कागदांचं मी सांगतो, बहुतेक फाइली अडकतात त्या तिथेच.

१ जूनची काळजी सोडा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ही तारीख अर्ध्या महाराष्ट्राची आहे. दाखला, पासपोर्ट आणि डीएस-२६० (ऑनलाइन व्हिसा अर्ज) या तिन्हींवर ती एकच हवी.

जन्म १ एप्रिल १९७० च्या आधीचा असेल तर जन्मदाखल्याऐवजी नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि वयाने मोठ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र जोडा. प्रमाणपत्र जन्मगावचं लागतं. काकूंचा जन्म आजोळी पारोळ्याकडच्या खेड्यात झाला असेल तर त्या ग्रामपंचायतीचं, अमळनेर नगरपरिषदेचं नव्हे. आता या वयात नव्याने उशिरा नोंद करून करकरीत जन्मदाखला काढायच्या भानगडीत पडू नका. ताज्या कागदापेक्षा जुना पिवळा दाखला वजनदार.

काकूंची फाइल मागे का, तर मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कसं आहे ते आधी बघा. तिथे घरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, असा तिढा हमखास असतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि तिन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. आरएफई म्हणजे जादा पुराव्याची मागणी आली तर ८४ दिवसांची मुदत असते, टपालाचे थोडे दिवस वर. उत्तर एकदाच, सगळे कागद एकत्र पाठवायचे. अर्धे आज, अर्धे उद्या असं चालत नाही.

मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर, त्यावर भाषांतरकाराची सही, आणि मूळ कागद व भाषांतर एकाच पीडीएफमध्ये. वेगवेगळे टाकले की एनव्हीसी परत पाठवते, आणि दुरुस्त करून टाकलं की पुन्हा तपासणीच्या रांगेत.

पांझरा_धुळे
एनव्हीसीबद्दल. दर अर्जामागे फी दोन: हमीपत्र तपासणीचे १२० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे ३२५. हमीपत्र म्हणजे आय-८६४. त्यात मुलीचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवं, आणि कुटुंबसंख्येत तिच्या घरच्यांबरोबर तुम्ही दोघेही धरायचे. हा आकडा चुकला की अर्ज परत.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून, फी ५०० रुपये. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतूनही त्याचा अर्ज होतो. ते दोन वर्षं चालतं, म्हणून काकूंचं आत्ताच काढून ठेवू नका. मेडिकल मुलाखतीचं पत्र आल्यावरच, कारण ते साधारण सहा महिनेच धरतात. एक्स-रेत क्षयाचा जुना डाग दिसला तर तीन दिवस थुंकीचे नमुने आणि कल्चरला आठेक आठवडे जातात. त्या हिशेबाने तिकिटं काढा.

दोघांनी बरोबरच जायचं म्हणून तुमची फाइल थांबवली तर चालेल. पण वर्षभर एनव्हीसीशी काहीच संपर्क झाला नाही तर ती रद्द करायला घेतात. अधूनमधून लॉगिन करून चौकशीचा संदेश टाकत राहा.

अमळनेरचे_आप्पा
सौ.च्या नावाचं अगदी तसंच निघालं, मुलीच्या जन्मदाखल्यावर घरचंच नाव आहे. मुलाच्या फाइलचं मात्र कळलं नाही. लवकर मंजूर करून घेतलेली बरी ना?

तापीकाठ
उलट! तिथे घाई नुकसानीची आहे. नातवाचा नंबर लागेल तेव्हा त्याच्या वयातून आय-१३० जितका काळ पेंडिंग होता तेवढा वजा करतात. समजा नंबर लागताना तो २५ चा आहे आणि अर्ज सहा वर्षं पडून होता, तर वय १९ धरलं जाईल आणि तो आई-बापाबरोबर जाऊ शकेल. तोच अर्ज वर्षभरात मंजूर झाला असता तर वय २४, म्हणजे २१ च्या वर, बाद. रांगेतली जागा अर्ज दाखल केल्याच्या तारखेवरून ठरते, मंजुरीच्या नव्हे. त्यामुळे तिथे एजंटाला पैसे देणं म्हणजे पदरमोड करून नातवाचं वय वाढवणं. फक्त नंबर लागल्यावर एका वर्षाच्या आत पुढचा अर्ज टाकायला विसरू नका.

काकूंसाठी मात्र चौकशीची तारीख उलटल्यावर आधी मुलीने चौकशी टाकावी. मग तिच्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याच्या (तिथल्या खासदाराच्या) कार्यालयाला संमतीपत्र भरून द्यावं, ते फुकट असतं. त्यानेही हललं नाही तर फेडरल कोर्टात मँडामस, म्हणजे निर्णय द्यायला लावणारा दावा: कोर्ट फी ४०५ डॉलर, वकिलाचे वेगळे, सरकारला उत्तराला ६० दिवस. कोर्ट फक्त 'निर्णय द्या' म्हणतं, 'मंजूर करा' म्हणत नाही. म्हणून नावाचा तिढा सोडवल्याशिवाय तिकडे जाऊ नका.