ज्युडास प्रीस्टचा 'नोस्ट्राडेमस' : पहिल्यांदा ऐकला तेव्हा काय झालं?

ज्युडास प्रीस्टने जून 2008 मध्ये 'नोस्ट्राडेमस' काढला, तेव्हा बँडच्या चाळिशीला एकच वर्ष उरलं होतं. 1969 साली बर्मिंगहॅममध्ये उभा राहिलेला हा हेवी मेटल, म्हणजे जोरकस गिटारींच्या रॉकचा, बँड. चामड्याचे आणि खिळ्यांचे कपडे, स्टेजवर मोटरसायकल, दोन गिटारींची जुगलबंदी ही त्यांची ओळख. आणि त्यांनी काढलं काय, तर सोळाव्या शतकातल्या एका फ्रेंच वैद्य-भविष्यवेत्त्याचं आयुष्य सांगणारा दोन सीडींचा कन्सेप्ट अल्बम, म्हणजे सगळ्या गाण्यांतून एकच गोष्ट. लहानमोठे 23 ट्रॅक, लांबी शंभर मिनिटांच्या वर. कल्पना सुचवली होती त्यांचा मॅनेजर बिल कर्बिश्लीने.

चाहत्यांमध्ये तेव्हापासून दोन तट आहेत आणि आजही ते तसेच आहेत. मी पहिल्या दिवसापासून अल्बमच्या बाजूने आहे. गायक रॉब हॅलफर्ड नव्वदच्या दशकात बँड सोडून गेला होता. 2003 साली तो परतला आणि 2005 च्या 'एंजल ऑफ रेट्रिब्युशन'मध्ये आम्हा सगळ्यांना हवं होतं तेच मिळालं. पण त्या अल्बमच्या शेवटी 'लॉकनेस' नावाचं तेरा मिनिटांहून लांब गाणं होतं. हा बँड आता लांब पल्ल्याचं काहीतरी करू पाहतोय, हे मला तिथेच जाणवलं होतं. त्यामुळे 'नोस्ट्राडेमस' आला तेव्हा मी रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) मोजायला बसलो नाही. गाण्यांच्या ओळी छापलेली पुस्तिका मांडीवर घेतली, हेडफोन लावले आणि पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकला. 'डॉन ऑफ क्रिएशन'चे सूर हळूहळू चढत जातात आणि त्यातून 'प्रोफेसी'ची गिटार उसळून येते, त्या सांध्यावर अंगावर काटा आला. आजही येतो.

तुमचं काय झालं ते लिहा. आवडला असेल तर का, नसेल तर का. दुसऱ्या एखाद्या जुन्या बँडच्या कन्सेप्ट अल्बमबद्दल लिहायचं असेल तर तेही येऊ द्या, फक्त नुसतं 'भारी' किंवा 'बकवास' लिहून जाऊ नका.

*

गिटार वाजवणारा एक

सगळे ऑर्केस्ट्रा आणि कीबोर्डबद्दल बोलतात, म्हणून मी गिटारबद्दल बोलतो. ग्लेन टिप्टन आणि के. के. डाऊनिंग या गिटारवादक जोडीचा हा शेवटचा स्टुडिओ अल्बम. डाऊनिंग 2011 साली बाहेर पडला. अल्बमची निर्मितीही या दोघांनीच केली आहे, त्यामुळे इथे जे काही ऐकू येतं ते त्यांना हवं तसंच आहे. गिटार सिंथेसायझर (गिटारमधून कीबोर्डसारखे आवाज काढणारा) त्यांनी 1986 च्या 'टर्बो'मध्येही वापरला होता आणि तेव्हाही चाहते चिडले होते. फरक असा की 'टर्बो'त तो चकचकीतपणासाठी होता, इथे तो गोष्टीसाठी आहे. काही ठिकाणी व्हायोलिनचा ताफा कुठे संपतो आणि गिटार कुठे सुरू होते हे मला अजून सांगता येत नाही.

माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे 'डेथ'. साडेसात मिनिटं, गती अगदी संथ. रिफमध्ये सूर मोजकेच आहेत, पण दोन सुरांच्या मध्ये जी जागा सोडली आहे तिचंच ओझं वाटतं. मी तो रिफ शिकायला बसलो तेव्हा बोटांना काही अडचण आली नाही, अडचण आली ती थांबण्याची. हात पुढे पळतो. टिप्टन आणि डाऊनिंग पळत नाहीत. चाळीस वर्षं वाजवल्यावरच असं थांबता येत असावं. 'पेनकिलर'सारखं वेगवान गाणं वाजवणारी तीच माणसं इतकी सावकाश जाऊ शकतात, याचं मला फार कौतुक आहे.

*

पेशाने डॉक्टर

मी मेटल फार ऐकत नाही. धाकट्या भावाने हा अल्बम ऐकायला दिला, तो 'ताई, हा माणूस तुझ्याच धंद्यातला होता' असं म्हणून. ते खरंच आहे. मिशेल द नोस्त्रदाम, जन्म 1503, मृत्यू 1566. भविष्यांचं पुस्तक 1555 साली पहिल्यांदा छापलं गेलं, पण त्याआधी कितीतरी वर्षं हा माणूस प्लेगच्या गावांमधून रोगी तपासत फिरत होता. 1546 साली फ्रान्समधल्या एक्स या शहरातल्या साथीत तो होता. गुलाबाच्या पाकळ्या आणि लवंग वगैरे घालून केलेल्या गोळ्या तो द्यायचा, त्यांची कृती त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. त्यांनी प्लेग बरा होणं शक्य नव्हतं, हे आज आपल्याला माहीत आहे. त्याची पहिली बायको आणि दोन मुलं रोगातच गेली, बहुधा प्लेगनेच.

हे सगळं डोक्यात घेऊन 'पेस्टिलन्स अँड प्लेग' ऐकलं. त्याचं ध्रुवपद इटालियन भाषेत आहे. मला इटालियन येत नाही, तरी तो घोष ऐकताना गावाच्या वेशीबाहेर प्रेतं वाहून नेणारी माणसं दिसली. मग पुढे 'लॉस्ट लव्ह' येतं. गेलेल्या बायकोची आठवण आहे ती, आवाज अगदी खाली आणलेला. साथीच्या दिवसांत वॉर्डात काम केलं आहे, म्हणून सांगते: दिवसभर दुसऱ्यांची माणसं वाचवायला धडपडायचं आणि घरी कोणाला काही झालं तर आपल्या हातात काही नाही, ही भीती काय असते ते मला ठाऊक आहे. इतरांना हे गाणं गोडगोड वाटतं असं भाऊ म्हणाला. मला नाही वाटलं. मी ते गाडी बाजूला उभी करून पूर्ण ऐकलं.

भविष्यं खरी की खोटी यात मला काडीचा रस नाही. हरलेला वैद्य म्हणून हा माणूस मला या अल्बमने दाखवला.

*

मेडनवाला

मला नाही आवडला आणि कारणं सांगतो.

आयर्न मेडन या दुसऱ्या ब्रिटिश मेटल बँडचा 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन' 1988 साली आला. तोही भविष्य दिसणाऱ्या माणसाचीच गोष्ट. आठ गाणी, साधारण चव्वेचाळीस मिनिटं. मेडनने कीबोर्ड पहिल्यांदा आणले ते त्याच अल्बममध्ये, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती, पण तिथे प्रत्येक गाणं आपल्या पायावर उभं आहे. मधलं कुठलंही एक उचलून ऐका, पूर्ण वाटतं. आणि सुरुवातीला अकूस्टिक गिटारवर जो छोटा अंतरा येतो तोच अगदी शेवटी परत येतो, बस्स, एवढ्यात वर्तुळ पूर्ण. गोष्ट त्यांनी सूचित केली, उलगडून नाही सांगितली.

प्रीस्टने सगळं उलगडून सांगितलं. नायक जन्माला आला, त्याला दृष्टान्त झाले, छळ झाला, हद्दपारी झाली, एकटा पडला, हे ओळीने. त्यात 'अवेकनिंग', 'सँड्स ऑफ टाइम', 'पीस', 'सॉलिट्यूड' असे छोटे छोटे जोडतुकडे. त्यांतले बरेच एकसारखे वाटतात: हळू सूर, हळू आवाज, मग पुढचं गाणं. हे निम्मे काढले असते आणि दुसऱ्या सीडीचा पहिला भाग आवळला असता, तर सत्तर मिनिटांचा जबरदस्त अल्बम झाला असता. 'एक्झाइल्ड' आणि 'अलोन' पाठोपाठ येतात तेव्हा माझा धीर सुटतो. हद्दपारीचा एकटेपणा दाखवायचाय हे समजतं, पण त्यासाठी श्रोत्याला इतका वेळ थांबवून ठेवायची गरज नव्हती.

शीर्षकगीत मात्र कडक आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

*

गाणं शिकवते

वरच्यांचा धीर जिथे सुटतो तिथेच मी सगळ्यात जास्त रमते, म्हणून लिहिते आहे.

हॅलफर्ड म्हटलं की लोकांना चिरफाड करणारे वरचे सूर आठवतात. या अल्बमच्या वेळी तो छप्पन्न वर्षांचा होता. या वयात वरची पट्टी विशीतल्यासारखी राहत नाही, कोणाचीच नाही. बरेच गायक तेव्हाही जुनीच उंची गाठायचा अट्टहास करतात आणि गळ्याची वाट लावून घेतात. हॅलफर्डने इथे खालची पट्टी उघडली. 'अलोन' ऐका. सुरुवात बोलल्यासारखी, छातीतून आलेली, शब्द स्वच्छ, कुठेही कंप दाखवायची घाई नाही. मग गाणं चढतं तेव्हा तो एकेक पायरी घेतो आणि प्रत्येक पायरीवर श्वास कुठे घेतलाय हे ऐकू येतं. विद्यार्थ्यांना मी हे गाणं मुद्दाम ऐकवते. श्वास लपवायची गरज नसते, तो अर्थाच्या जागी घ्यायचा असतो.

गोष्टीतला माणूस म्हातारा होत जातो, छळ सोसतो, एकटा पडतो. पंचविशीतल्या गळ्याला हे शोभलं नसतं. 1976-77 च्या हॅलफर्डचा आवाज अद्भुत होता, पण त्याने हा नायक उभा राहिला नसता. माझ्या मते अल्बमची सगळी ताकद इथे आहे: बँडने आपलं वय लपवलं नाही, ते वय जिथे लागतं अशी गोष्ट निवडली.

आणि वरचे सूर गेलेत असं ज्यांना वाटतं त्यांनी शीर्षकगीताची सुरुवात ऐकावी. आधी ऑपेरासारखा भरलेला आवाज, मग गाणं सुटतं आणि मग ती किंकाळी. राखून ठेवली होती त्याने.

*

दौऱ्यात ऐकलेला

छोटंसंच. त्या दौऱ्यात 'प्रोफेसी' प्रत्यक्ष ऐकायला मिळालं. हॅलफर्ड चकचकीत झगा घालून, हातात दंड घेऊन स्टेजवर आला आणि जागचा जवळजवळ हललाच नाही. एरवी मोटरसायकलवरून येणारा माणूस! बाजूचे काही लोक जुनी गाणी मागत होते. मी फक्त त्या दंडाकडे बघत होतो. 2009 च्या 'अ टच ऑफ इव्हिल : लाइव्ह'वर 'प्रोफेसी' आणि 'डेथ' दोन्ही आहेत, ज्यांना प्रत्यक्ष मिळालं नाही त्यांनी तिथे ऐका. ड्रम्सवर स्कॉट ट्रॅव्हिस किती संयमाने वाजवतो ते लाइव्हमध्ये जास्त कळतं.

अख्खा अल्बम रंगमंचावर गोष्टीसारखा सादर करायची बँडची इच्छा होती. तसं झालं नाही. याची मला मनापासून हळहळ आहे.

*

ड्रीम थिएटरच्या वाटेने आलेली

मी उलट्या क्रमाने आले. ड्रीम थिएटर या अमेरिकन मेटल बँडचा 'द ॲस्टॉनिशिंग' 2016 च्या जानेवारीत आला, तोही दोन सीडी, 34 ट्रॅक, दोन तासांच्या वर. तिथे गायक जेम्स लाब्री एकटा सगळी पात्रं गातो आणि कोण कधी बोलतंय हे समजायला मला नकाशा आणि पात्रांची यादी समोर ठेवावी लागायची. मग कोणीतरी म्हणालं, 'हे तुला आवडतं तर प्रीस्टचा तो ऐक.' प्रीस्टकडे पात्र एकच. त्यामुळे गोष्ट सोपी आहे आणि सगळा भार भावनेवर येतो. मला ते जास्त भिडलं.

क्वीन्सराइक या अमेरिकन मेटल बँडचं उदाहरणही इथे घ्यायला हवं. 'ऑपरेशन : माइंडक्राइम' 1988 चा, त्याचा दुसरा भाग 2006 साली आला. त्यात गोष्टीतला खलनायक डॉक्टर एक्स, त्याचा आवाज साक्षात नामवंत मेटल गायक रॉनी जेम्स डिओने दिला आहे. नुसत्या त्या एका गाण्यासाठी मी तो अल्बम जवळ ठेवला. पण जुन्या यशाचा पुढचा भाग काढणं वेगळं आणि चाळिशीच्या तोंडावर अगदी नवा विषय घेऊन उभं राहणं वेगळं. दुसऱ्याला जास्त छाती लागते.

एक तांत्रिक गोष्ट सांगते. ऐकताना शफल बंद करा आणि दोन ट्रॅकच्या मध्ये आपोआप येणारी शांतता घालवायची सोय असेल तर ती सुरू करा. जोडतुकडे पुढच्या गाण्यात थेट ओततात. मध्ये अर्ध्या सेकंदाची जरी फट पडली तरी तुकडा सुटा वाटतो आणि मग 'हे कशाला ठेवलं' असा प्रश्न पडतो. मेडनवाल्या दादांनी असं एकदा ऐकून बघावं, मग बोलू.

*

जुना चाहता

बक्षिसांचा विषय कोणी काढला नाही म्हणून. 'व्हिजन्स' आणि 'नोस्ट्राडेमस' या दोन्ही गाण्यांना ग्रॅमी नामांकन मिळालं होतं, मिळालं मात्र काही नाही. पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाली ती त्याच दौऱ्यांच्या काळातल्या लाइव्ह अल्बमवरच्या 'डिसिडंट ॲग्रेसर'ला, म्हणजे 1977 सालच्या गाण्याला. मला त्या गाण्याचा आनंद झालाच, पण नवं काम पुन्हा बाजूला राहिलं याचं वाईटही वाटलं.

पुढे 2014 चा 'रिडीमर ऑफ सोल्स', 2018 चा 'फायरपॉवर', 2024 चा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' असे सरळसोट मेटल अल्बम आले. तिन्ही मी ऐकतो, शेवटचे दोन तर पुन्हा पुन्हा. पण तसं काम ते करू शकतात हे आम्हाला आधीपासून माहीत होतं.

नव्याने ऐकणाऱ्यांना एक विनंती. शीर्षकगीत बँडने अल्बमच्या आधीच ऐकायला सोडलं होतं आणि आजही लोक सुरुवात तिथूनच करतात. तसं करू नका. ते 23 पैकी 22 वं आहे. त्याच्या आधी 'काम बिफोर द स्टॉर्म' हा दोन मिनिटांचा तुकडा आहे, त्याच्याही आधी सगळं आयुष्य आहे. तिथपर्यंत चालत जा, मग ती गिटार सुटू द्या. आणि शेवटचं 'फ्युचर ऑफ मॅनकाइंड' साडेआठ मिनिटांचं आहे, ते अर्ध्यात बंद करू नका.