शातो गायार एवढा मजबूत असून सहा वर्षांत पडला कसा?

रानवाट:
फ्रान्समधला शातो गायार बघून आलो, डोक्यातून जात नाहीये. सेन नदीच्या वळणावर पांढऱ्या चुनखडीचा कडा आणि त्यावर किल्ला, इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्टने ११९६ ते ११९८ मध्ये बांधला, म्हणजे सगळं काम दोन वर्षांत! बालेकिल्ल्याची भिंत सपाट नाहीच, बाहेरून अर्धगोल फुगवटे एकाला एक लागून, यंत्राने फेकलेला धोंडा नीट बसूच नये म्हणून. मग १२०४ ला गेला कसा? गाईड म्हणाला संडासाच्या मोरीतून शत्रू आत शिरला. खरंय का?

खंदक:
ती गोष्ट सगळेच सांगतात, काही इतिहासकार मात्र चॅपलची (प्रार्थनाघराची) खिडकी म्हणतात. काही असो, तेवढ्याने मधला कोट गेला फक्त. बाहेरचा बुरूज आधीच खालून सुरुंग (भुयार) खणून पाडला होता आणि बालेकिल्ल्याच्या भिंतीखालीही शेवटी सुरुंगच खणला, तिथे दारासमोर खडकाचा नैसर्गिक पूल तसाच ठेवला होता, त्याच्या आडोशाने फ्रेंच खणत बसले. ६ मार्च १२०४ ला किल्ला पडला.

पाणचक्की:
माझ्या मते किल्ला नदीवरच हरला. रिचर्ड ११९९ लाच वारला होता, भाऊ जॉन गादीवर. १२०३ ला फ्रान्सचा राजा फिलिपचा वेढा पडल्यावर जॉनने रात्री कुमक पाठवली, जमिनीवरून त्याचा सरदार विल्यम मार्शल आणि नदीतून होड्या, दोघांनी एकदमच तुटून पडायचं ठरलं होतं पण होड्यांना प्रवाहाविरुद्ध वल्हवत यायचं होतं, त्या उशिरा पोचल्या, तोवर जमिनीवरचे मार खाऊन मागे हटले होते. परत मोठी कुमक आलीच नाही, मग भिंत कितीही भारी असो काय उपयोग?

रानवाट:
हे माहीतच नव्हतं, थँक्स. आणि खालच्या गावातले लोक?

पाणचक्की:
ते आश्रयाला वर गेले होते. धान्य पुरेना म्हणून किल्लेदार रॉजर द लेसीने त्यांना बाहेर काढलं, सुरुवातीच्यांना फ्रेंचांनी जाऊ दिलं, नंतरच्यांना नाही. बायकापोरं ऐन थंडीत दोन फौजांच्या मधे अडकली, कितीतरी उपासमारीने मेली, शेवटी फिलिपने उरलेल्यांना सोडलं. वेढ्याबद्दल बोलताना सुरुंगाच्याही आधी हे सांगायला हवं खरं तर.

खंदक:
सहमत. आणि आज जो पडका दिसतो तो सगळा त्या वेढ्यामुळे नाही हां, १५९९ ला फ्रान्सच्या चौथ्या आँरी राजाने तो पाडायचा हुकूम दिला होता.